काळदुर्गाचा कातळ आणि झाकलेला डबा



मागच्या रविवारी आम्ही सहा जण काळदुर्गावर गेलो. बोईसरहून लोकलने पालघर, तिथून मनोर रस्त्याने वाघोबा खिंड. खिंडीत वाघोबाचं मंदिर आहे. हा वाघोबा मूळचा वारल्यांचा देव, हे तिथून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं?

काळदुर्गाला किल्ला म्हणतात, पण ना तट, ना बुरूज. डोंगरमाथ्यावर निसर्गानेच ठेवलेला एक प्रचंड चौकोनी कातळ, एवढाच किल्ला. माणसाने केलं ते खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी. ज्यांनी छिन्नी चालवली त्यांचं नाव कुठे नाही. सह्याद्रीचा हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तेव्हा जात नव्हती.

आम्ही मात्र पोहोचलो त्याच दिवशी ती तिथे भेटली. टाक्यापाशी दुसरा एक ट्रेकिंगचा ग्रुप बसला होता. बोलणं छान सुरू झालं, चिवड्याचा डबा पुढे आला. मग नेहमीचा प्रश्न, "गाव कुठलं? आडनाव काय?" आमच्यातला धाकटा एमआयडीसीत रात्रपाळी करून थेट आला होता, त्याने सरळ सांगून टाकलं. डबा झाकला गेला. मुद्दाम की सहज? शपथेवर सांगता येणार नाही. हीच तर आजच्या जातीची सोय आहे.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले होते. तिथल्या टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून टाकं बाटवल्याचा गलका झाला. आज गलका होत नाही, झाकण लागतं. 'आता कुठे राहिलीय जात' म्हणणाऱ्यांनी आमच्यासोबत एकदा गडावर यावं.

धाकटा गप्प झाला होता. त्याला आम्ही सोपाऱ्याचं सांगितलं. आपल्याच जिल्ह्यात, नालासोपाऱ्याला, अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. आठव्यात अशोक म्हणतो, पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या सहलींना जात. आपण बोधीला गेलो आणि धम्मयात्रा सुरू केली. दगड तोच बेसाल्ट.

"म्हणजे आज आपली सहल झाली की यात्रा?" त्याने विचारलं. आम्ही हसलो. मग त्यानेच आपली भाकरी सोडली, तिचे सहा तुकडे केले आणि एक जास्तीचा करून पलीकडच्या ग्रुपमधल्या लहान मुलीपुढे धरला. तिने घेतला.