स्मरणपत्रे

सरकारी नोकरीत बदलीवर फिरणाऱ्या माणसाला एक मोठी सोय असते. त्याला काहीही झाले, तरी त्याचा दोष नव्या गावाच्या हवापाण्यावर घालता येतो. भूक मंदावली, तर पाणी जड. भूक वाढली, तर हवा पाचक. झोप आली नाही, तर उंची मानवत नाही. झोप आवरेनाशी झाली, तर तो थंडीचा गुण. हिशेबतपासणी खात्याच्या कृपेने मी आजवर चार प्रांतांत बिऱ्हाड मांडले आहे आणि चारही ठिकाणी या सोयीचा मनसोक्त लाभ घेतला आहे. सिमल्यास आल्यावर मात्र पंचाईत झाली. येथे चार वर्षांत माझे वजन अकरा किलोंनी वाढले आणि त्याचे खापर हवापाण्यावर फोडता येईना. याच हवेत राहणारी, हेच चढउतार दिवसातून दहादा तुडवणारी माणसे कशी सडसडीत दिसत होती!

तेव्हा मी आहारनियमन आरंभिले. भात सुटला. रात्रीच्या जेवणात एकच पोळी उरली. दुपारच्या डब्यात काकडी-टोमॅटोचे राज्य आले. सकाळी माल रोडवर फेरी सुरू झाली. घरातल्या काट्याने पहिल्या पंधरवड्यात दीड किलोची सूट दिली आणि पुढल्या पंधरवड्यात ती व्याजासह परत घेतली. असे अडीच महिने चालले. इतका संयम पाळणाऱ्या माणसाचे वजन उतरत नाही, याचा अर्थ दोष संयमात नसून देहयंत्रातच कोठेतरी असला पाहिजे, असे मला वाटू लागले.

त्याच सुमारास दौऱ्यानिमित्त मी कांगडा जिल्ह्यात गेलो. तेथल्या कचेरीतल्या एका वयस्क कारकुनाने बोलता बोलता आपल्या आजीच्या गलगंडाची हकीकत सांगितली. त्या काळी या खोऱ्यात घरोघर असे सुजलेले गळे दिसत. मग मीठ बदलले आणि गळे सुधारले, असे तो म्हणाला. घरी परतल्यावर मी त्या विषयावरचे मिळेल ते वाचले. कांगडा खोरे तेव्हा पंजाबात होते. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील सुमारे एक लाख वस्तीचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले, तिसऱ्याला साधे. १९६२ पर्यंत पहिल्या दोन्ही विभागांतला गलगंड लक्षणीय कमी झाला होता. तिसऱ्यात तसे काही घडले नव्हते. मग त्यालाही आयोडीनचे मीठ मिळाले, आणि त्याच वर्षी देशव्यापी गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत १९७३ साली या प्रयोगाचा जो लेख आला, त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर अशी दोन नावे आढळली. परमुलुखात कोठेही आपल्याकडचे आडनाव दिसले की आपल्याला जो बालिश आनंद होतो, तो मला झाला. त्या आनंदाच्या भरात मी पुढे वाचत गेलो आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली म्हणजे शरीरातले ज्वलन मंदावते आणि वजन वाढू शकते!

रोग सापडल्याचा एवढा हर्ष कोणाला झाला नसेल. अडीच महिने मी मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होतो. आता निर्दोष सुटण्याचा मार्ग दिसला. मी लक्षणांची यादी घेऊन बसलो. थकवा? कचेरीत दुपारी तीननंतर निश्चित. केस गळणे? गळावेत एवढे उरलेच नव्हते, हाच पुरावा. विस्मरण? घरच्यांचे तसे म्हणणे होते. थंडी सहन न होणे? हा रकाना मी सोयीस्करपणे कोरा सोडला. कारण मला सदैव उकडते. एका स्नेह्याने तर तपासणीच्या भानगडीत न पडता सरळ गोळ्या सुरू करण्याचा सल्ला दिला. ग्रंथी धडधाकट असताना अशी गोळी घेतली, तर हृदय आणि हाडे यांना अपाय होऊ शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण पावतीवाचून रक्कम मंजूर करायची नाही, ही जन्माची सवय आड आली, आणि मी डॉक्टरांकडे गेलो.

परतताना भाजी घ्यायची म्हणून पत्नीही बरोबर आली होती.

डॉक्टर वयोवृद्ध, पहाडी, मितभाषी. त्यांनी माझे सगळे निवेदन शांतपणे ऐकून घेतले आणि वजन किती वाढले ते विचारले. अकरा किलो, असे मी काहीशा अभिमानाने सांगितले. ते हसले. ही ग्रंथी मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा दोन-चार किलोंच्या घरातले असते, आणि त्यातही बराचसा भाग अंगात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो, असे त्यांनी समजावले. 'बाकीचा हिशेब मात्र आपल्यालाच द्यावा लागेल,' असेही ते हिंदीत म्हणाले. माझे खाते कोणते, हे मी त्यांना अजून सांगितले नव्हते.

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मे महिना होता. मी कोट काढून हातावर घेतला होता. पलीकडच्या खुर्चीत माझी पत्नी स्वेटरवर शाल लपेटून बसली होती.

'आपको ठंड ज़्यादा लगती है?' त्यांनी विचारले.

'लगती है,' ती म्हणाली. आवाज घोगरा होता. गेले वर्षभर तो तसाच होता.

मग त्यांनी तिला आणखी काही प्रश्न विचारले. तिची उत्तरे सावकाश येत होती, आणि त्यांतली निम्मी मी प्रथमच ऐकत होतो. बद्धकोष्ठ, कोरडी पडलेली कातडी, जिना चढताना पायांत भरणारे शिसे, सकाळी उठल्यावरही न गेलेला थकवा. त्यांनी नाडी पाहिली, मिनिटाला चौपन्न. घोट्यामागच्या शिरेवर लहानशी हातोडी मारली. पाऊल हलले, पण परत जागेवर यायला त्याने जो वेळ घेतला, तो माझ्यासारख्या अडाण्याच्याही ध्यानात आला. रक्त दोघांचेही घेतले गेले.

दोन दिवसांनी कागद हाती आले. शासकीय वाचकांना ही तपासणी समजावून सांगणे फार सोपे आहे. थायरॉईड हे दुय्यम कार्यालय. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी हे त्याचे वरिष्ठ कार्यालय. खालून काम वेळेवर आले, तर वरून क्वचितच स्मरणपत्र जाते. काम तुंबू लागले की स्मरणपत्रांचा ओघ वाढतो. टीएसएच म्हणजे रक्तातली ही स्मरणपत्रे. प्रयोगशाळेगणिक थोडाफार फरक सोडला, तर त्यांचा आकडा साधारणतः ०.४ ते ४ यांच्या दरम्यान असावा लागतो. माझा होता २.१, इतका निर्मळ शेरा माझ्या गोपनीय अहवालातही कधी आला नसेल. पत्नीचा होता ३८.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर आम्ही भाजी घेतली. ती नेहमीप्रमाणे थांबत थांबत चढ चढत होती. नेहमीप्रमाणे मी चार पावले पुढे होतो. वळणावर उभा राहून 'चल, चल' असे म्हणण्याची माझी रीत होती. त्या दिवशी ते शब्द तोंडातून निघेनात.

गेल्या वर्षभरात मी तिला काय काय म्हटले, ते एकेक आठवू लागले. दुपारी ती झोपायची, त्याला मी आळस म्हणालो होतो. दूध दोनदा उतू गेले, तेव्हा लक्ष नसते असा ठपका ठेवला होता. शालीवरून पाहुण्यांसमोर थट्टा केली होती. चार हिवाळे काढूनही ही अजून पुण्यातच राहते, असे म्हणून सर्वांना हसवले होते. संध्याकाळी देवापाशी ती दोन अभंग म्हणत असे. ते बंद झाले, तेव्हा परमुलुखात मन रमत नाही, दुसरे काय, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो होतो. वजन तिचेही तीनेक किलो वाढले होते. त्यावर तर मी तिला माझ्या आहारनियमनाचे दाखले देऊन उपदेश केला होता. मी माझ्या दोषाला रोगाचे नाव शोधत होतो आणि तिच्या रोगाला दोषाचे नाव देत होतो. स्मरणपत्रे तिच्या रक्तातच नव्हती. ती घरभर पसरलेली होती, आणि एकाचीही पोच मी दिली नव्हती.

'तू मला काही सांगितले का नाहीस?' मी घरी आल्यावर विचारले.

'सांगितलं की,' ती म्हणाली. 'तुम्ही म्हणालात, हवा मानवत नसेल.'

डोंगरातला गलगंड मनात असल्यामुळे मी डॉक्टरांना मिठाविषयी विचारले होते. ते म्हणाले, आपल्या घरातले मीठ आयोडीनचेच आहे. हिचे कारण निराळे. शरीराचे रक्षक स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतात, असा हा विकार. हाशिमोतो या जपानी वैद्याने १९१२ साली त्याचे वर्णन केले, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो पुष्कळ अधिक आढळतो. गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागेल, हे ऐकून पत्नी खिन्न झाली. तेव्हा मी तिला वाचलेली एक गोष्ट सांगितली. १८९१ साली इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टराने हाच विकार बळावलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. 'मेंढीपेक्षा गोळी बरी,' एवढेच ती म्हणाली.

राहिला माझा हिशेब. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी माझ्यासारख्याच तक्रारीच्या दहा माणसांची तपासणी प्रसिद्ध केली. दिवसाला बाराशेहून कमी उष्मांक खातो, तरी वजन उतरत नाही, असे या मंडळींचे म्हणणे होते. खुणेचे पाणी पाजून त्यांचा खरा खर्च मोजला, तेव्हा देहाचे ज्वलन अगदी यथायोग्य निघाले. प्रत्यक्ष आहारापैकी सरासरी ४७ टक्के आहार मात्र नोंदीत आलाच नव्हता, आणि व्यायाम ५१ टक्के फुगवून लिहिला गेला होता. यात सगळे खोटेपणानेच होते असे नाही; माणसाला आपले खाणे खरोखरीच आठवत नाही. मी वही घातली आणि खरे लिहू लागलो. दौऱ्यावरच्या प्रत्येक कचेरीतला दोन चमचे साखरेचा चहा आणि त्यामागून येणारी भजी. बैठकीतले मूठभर काजू, म्हणजे दीडशेच्या वर उष्मांक. कांगड्याच्या धामीतला तुपाने माखलेला मद्रा. बहिणीने पुण्याहून धाडलेले बेसनाचे लाडू. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी, जिच्या बाबतीत 'एकादशी दुप्पट खाशी' हे मी अक्षरशः पाळत आलो होतो. आठवड्याची बेरीज पाहिली आणि ग्रंथीविषयी बोलण्याचे सोडून दिले. सहा महिन्यांत चार किलो उतरले आहेत. फार नाही, पण नोंद खरी आहे.

गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची आणि चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने. पूर्वी सहाचा चहा ती करीत असे आणि मी अंथरुणात घेत असे. आता साडेसहाचा चहा मी करतो. मधला अर्धा तास आम्ही खिडकीशी बसून समोरच्या देवदारांवर येणारे ऊन पाहतो. बोलायला तेवढा वेळ पुरतो, आणि पूर्वी तो कोठे जात होता याचे मला नवल वाटते. तिचा आकडा सावकाश खाली आला. दर दीड-दोन महिन्यांनी तपासून डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण बदलले. शाल अजून आहे, पण थंडीपुरतीच.

परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरालगतच्या कपाटापाशी उभा होतो. पलीकडे देवापाशी ती निरांजन लावत होती. एकाएकी गुणगुण ऐकू आली. आधी अस्पष्ट, मग शब्द लागू लागले. वरचा स्वर अजून थोडा फाटत होता; पण अभंग पुरा झाला. मी जागचा हललो नाही. चिवड्याच्या डब्यातला माझा हात तसाच राहिला.

तो मग मी बाहेर काढला. अर्थात रिकामा नव्हे. पण वहीत लिहिले.