तुळिंजचे पाणी आणि शाळेतल्या दोन रात्री

ज्येष्ठाचे दिवस होते. आमच्याकडे पेरणीची लगबग सुरू व्हायची होती, तेवढ्यात भाच्याच्या साखरपुड्याचे बोलावणे आले आणि धाकट्या बहिणीकडे तुळिंजला जाणे झाले.

मुंबईहून विरारकडे जाणाऱ्या लोकलने नालासोपाऱ्याला उतरायचे, पूर्वेच्या जिन्याने खाली यायचे, की तुळिंज रस्ता सुरू होतो. रस्ता कसला, माणसांची नदीच! रिक्षा, भाजीच्या गाड्या, वडापावच्या टपऱ्या आणि त्यातून वाट काढणारी कामावरची माणसे. त्या दिवशी मात्र दर चार दुकानांआड एकच माल दिसत होता, तो म्हणजे निळ्या ताडपत्र्यांचे गठ्ठे. पावसाची चाहूल आपल्याकडे पावशा पक्षी देतो, तुळिंजला ती ताडपत्रीवाला देतो.

पोलीस ठाण्यावर तुळिंजचे नाव आहे, पालिकेच्या रुग्णालयावर आहे. पण ज्या गावाचे हे नाव, ते आता शोधावे लागते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. त्याच्या आधीपासूनच इथली भातखाचरे चाळींच्या आणि इमारतींच्या पोटात जाऊ लागली होती. ज्यांना मुंबईत खोली परवडत नाही, अशी कष्टाची माणसे इथे येऊन राहिली. माझी बहीणही त्यांतलीच. मेहुणे अंधेरीच्या एका कारखान्यात होते, आणि या बैठ्या चाळीतली खोली त्यांनी सारी पुंजी घालून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन मी जरा उंचावर जाऊन आलो. शेतीखात्यात आयुष्य गेलेला माणूस, कुठेही गेला तरी आधी जमिनीचा उतार पाहतो. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. डोंगरावर पडलेले पाणी पश्चिमेला खाडीकडे जाणार, हा निसर्गाचा नियम. वाटेत आडवा रेल्वेचा भराव. जुन्या लोकांनी घरे उंचवट्यावर बांधली, खाली भातशेती ठेवली आणि त्याही खाली खाजणे व मिठागरे. पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की खाडी पाणी घेत नाही, उलट फेकते. तेव्हा ते पाणी या सखल भागात पसरून राही आणि ओहोटी लागली की निघून जाई. आज त्याच सखल भागात माणसे राहतात. पाण्याने आपली जागा सोडलेली नाही, माणूस तिच्यात येऊन बसला आहे.

"मामा, २०१८ साली इथून बघायला हवं होतं. सगळा दर्या झाला होता," भाचा म्हणाला.

जुलै २०१८ च्या त्या पावसाची बातमी आपण सर्वांनीच वाचली होती. रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या. नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीतल्या उतारूंना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी बाहेर काढले. वसईच्या मिठागरांत राहणारी शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. पण बातमी वेगळी आणि बहिणीच्या तोंडून ऐकणे वेगळे.

संध्याकाळी चहा घेता घेता ती सांगत होती. "दादा, पहाटे उठले तर पाय पाण्यात. बघता बघता कमरेएवढं झालं. वीज नाही. आधी समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर गेलो. कुणाची ओळख ना देख, पण त्या बाईनं दार उघडलं. एका खोलीत आम्ही अकरा जणं. दुपारी शाळेत सोय केलीय म्हणून कळलं, तेव्हा तिकडे गेलो. दोन रात्री काढल्या."

"शाळेत तर सोय बरी असेल ना गं?" मी विचारले.

ती जरा थांबली. मग म्हणाली, "खिचडी आली, बिस्किटं आली, पाण्याच्या बाटल्या आल्या. देणाऱ्यांचे उपकार आहेत. पण आमच्या सासूबाई दोन दिवस पाणीच प्यायल्या नाहीत. बाटली उशाला तशीच. मी विचारलं तर म्हणतात, संडास अंगणापलीकडं, त्याला कडी नाही, बाहेर अंधार आणि दारात पुरुष बसलेले. पाणी प्यायले तर जावं लागेल. नकोच ते. तिसऱ्या दिवशी घरी आलो आणि त्या तापानं फणफणल्या. आठ दिवस दवाखान्यात. त्यानंतर त्या पहिल्यासारख्या कधी झाल्याच नाहीत."

सासूबाई आता नाहीत. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. पाणी होते, अन्न होते, डोक्यावर छप्पर होते. नव्हती ती एक कडी आणि एक दिवा.

मला किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. नोकरीत मी नवखा होतो. औसा तालुक्यात मदतकामासाठी आम्हा काही जणांना पाठवले. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच घर त्या पहाटे हजारोंचे काळ ठरले. त्या रात्री शेतातल्या कोपीत झोपलेले मात्र वाचले होते. ढिगारे उपसणे चालू असतानाच पाऊसही आला. मग पत्र्याच्या शेडा उभ्या राहिल्या. रांगेत, एकसारख्या, मोजून.

एका शेडेपुढे एक म्हातारी बसली होती. माझ्या हातातली वही पाहून म्हणाली, "साहेब, पत्रे दिलेत, लई बरं केलंत. पण चूल कुठं मांडू, अन् बैल कुठं बांधू?" माझ्या वहीत चुलीचा रकाना नव्हता, बैलाचाही नव्हता. मी काहीतरी बोलून पुढे सरकलो. ते आज तीस वर्षांनीही डाचते.

पुढे सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठे पुनर्वसन केले. बावन्न गावे नव्या जागी वसली, आणि ज्यांची घरे दुरुस्त होण्यासारखी होती त्यांना ती भूकंपाला टिकतील अशी करून घेण्यास मदत मिळाली. या दुसऱ्या कामात गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले, ही फार शहाणपणाची गोष्ट झाली. चूल कुठे, मोरी कुठे, गोठा कुठे हे घरच्या बाईला विचारल्यावाचून कळत नाही.

आमचा हा पालघर जिल्हा, म्हणजे बहिणीचा, २०१४ साली ठाण्यापासून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेला डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या भागातली माणसे ऐन थंडीत घराबाहेर झोपू लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्याच्या वेळी घाबरून बाहेर पळताना पडून एक दोन वर्षांची चिमुरडी गेली. प्रशासनाने तंबू दिले. तिथे आसरा पाण्यापासून नको होता, स्वतःच्याच भिंतीपासून हवा होता. आणि अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री शेजारच्या विरारमध्ये चार मजली इमारतीचा भाग बाजूच्या चाळीवर कोसळला आणि सतरा जीव गेले. आसपासची घरे रिकामी करावी लागली, तेव्हा त्या कुटुंबांना चंदनसारच्या समाजमंदिरात नेले. घरात मखर सजवायच्या रात्री बिऱ्हाड समाजमंदिरात!

म्हणजे पूर असो, भूकंप असो की पडझड, पहिल्या रात्रीचा आसरा ठरलेलाच असतो. शाळा, समाजमंदिर, देऊळ किंवा शेजाऱ्याची ओसरी. तंबू आणि पत्रे नंतर येतात. मग जी जागा ठरलेलीच आहे ती आधी पाहून ठेवायला आपल्याला कोण अडवतो?

याची मापेही ठरलेली आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली मदत छावण्यांसाठी किमान नियम सांगितले. माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, म्हणजे सुमारे अडतीस चौरस फूट. दिवसाला माणशी निदान तीन लिटर पिण्याचे पाणी. तीस माणसांमागे एक संडास, आणि तो पन्नास मीटरपेक्षा दूर नसावा. बायकांसाठी संडास व न्हाणी वेगळी.

आता हिशेब करू. वीस फूट बाय पंचवीस फुटांचा वर्ग म्हणजे पाचशे चौरस फूट. त्यात नियमाने तेरा माणसे मावतात. चार वर्गांच्या शाळेत बावन्न. त्यांना दिवसाला एकशे छप्पन लिटर पिण्याचे पाणी आणि दोन संडास हवेत. आपल्या गावची ओढ्याकाठची वस्ती किती माणसांची आहे? हा आकडा आणि शाळेचा आकडा शेजारी मांडून पाहा. फरक दिसेल, आणि उरलेली माणसे कोणाच्या माडीवर किंवा कोणत्या उंच गोठ्यात जाणार हे भर पावसात नव्हे, आजच ठरवता येईल.

शेतकऱ्याघरी गुरांचा प्रश्न वेगळा. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेच्या पुरात अनेकांचे पाऊल घरातून निघेना, ते दावणीच्या जनावरांमुळे. तेव्हा गुरांसाठी उंच जागा आणि चार दिवसांची वैरण आधी हेरून ठेवावी. नेणे अशक्यच झाले तर निदान दावे सोडावे. बांधलेले जनावर बुडते, मोकळे पोहून निघते.

ताडपत्रीचे दोन शब्द. मधोमध आडवा दोर किंवा वासा घेऊन दोन्ही बाजूंना उतार द्यावा, सपाट ताणली तर पाणी साठून फाटते. कोपऱ्याची कडी निघाली असेल तर तिथे गोटा आत धरून वरून दोर आवळावा. ताडपत्रीच्या कडेखाली वीतभर खोल चर काढून पाणी उताराकडे न्यावे. आणि एक जुने लुगडे किंवा चादर आडोशासाठी जपावी. छप्पर एकाचे भागते, आडोसा प्रत्येकीला लागतो.

निघण्याच्या दिवशी बहिणीने मला दाराच्या आतली खुंटी दाखवली. तिथे एक पिशवी टांगलेली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बँकेचे पुस्तक, औषधे, विजेरी, काडेपेटी, एक कोरडे लुगडे. आणि तळाशी एक लोखंडी कडी, चार स्क्रू आणि स्क्रू पिळायचा पेचकस.

"ही गं कशाला?" मी विचारले.

"पुन्हा शाळेत जायची वेळ आली तर आधी दाराला कडी लावीन, मग खिचडीच्या रांगेत उभी राहीन," ती म्हणाली.

परत आल्यावर पहिल्या सोमवारी मी आमच्या शाळेत टेप घेऊन गेलो. मुख्याध्यापकांना नवल वाटले, पण त्यांनी टेपचे दुसरे टोक धरले. वर्ग चार. संडास दोन, त्यांतला एक बंद. कडी एकालाही नाही. सरपंचांना सांगितले, आणि पहिला पाऊस पडण्याआधी दोन्ही दारांना कड्या बसल्या. बंद संडास चालू झाला. खर्च फार नाही आला. वाचकहो, येत्या आठवड्यात आपणही आपल्या गावच्या शाळेत एक चक्कर टाकावी. टेप नसली तरी चालेल, पावलांनी मोजावे. दाराची कडी मात्र हाताने लावून पाहावी.