पादचारी

मराठी मनाला पायी चालण्याचे अप्रूप मोठे. आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात, तेव्हा एरवी वाहनांनी तुंबलेले रस्ते चालणाऱ्या पावलांसाठी मोकळे होतात. वारकऱ्याच्या पायांवर डोके टेकवणारा हा समाज वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र पायी निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेलाही जागा देत नाही.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. प्राध्यापक, विद्यार्थी, कारखान्यातला कामगार आणि दूधवाला एकाच वाटेने, जवळपास एकाच वेगाने जात. पुढे स्कूटर आली, मोटारी वाढल्या. सायकल उरली ती बहुतांशी ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याच्याकडे. आणि परवडत नाही त्याचे म्हणणे नगररचनेच्या नकाशावर सहसा उमटत नाही.

ते उमटावे यासाठी काही नागरिकांनी चिकाटीने काम केले. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘परिसर’ या संस्थेने वाहतुकीचा प्रश्न वाहनांचा नसून माणसांच्या ये-जा करण्याचा आहे, हा विचार लावून धरला. अशा कामात मोर्च्याचा आवेश थोडा आणि टिपण-कागदांचा व्याप फार. पदपथाची रुंदी मोजणे, चौक ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला किती वेळ लागतो हे पाहणे, रस्तारुंदीच्या आराखड्यावर हरकत नोंदवणे, ही सारी कंटाळवाणी कामे. पण नागरिकत्व बहुधा अशा कंटाळवाण्या कामांतूनच घडते.

त्याचे फळ अगदीच मिळाले नाही असे नाही. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले, तर २०१७ साली सायकल आराखड्याला मान्यता दिली. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आले. ११ डिसेंबर २०२१ रोजी ‘पादचारी दिन’ म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवण्यात आला आणि खरेदीच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर मुले बिनधास्त बागडली. गाडी थांबली नाही तर गिऱ्हाईकही थांबणार नाही, ही दुकानदाराची भीती सर्वत्र सारखीच. परंतु गिऱ्हाईक शेवटी दुकानाची पायरी पायांनीच चढते.

तरीही धोरण आणि रस्ता यांत मोठे अंतर आहे. जो पदपथ आज बांधला जातो, त्यावर उद्या दुचाकी उभी राहते, परवा ती चालूही लागते. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथाचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, ते या पार्श्वभूमीवर.

नेदरलँड्स हा देश सायकलींसाठी जगाला ठाऊक आहे. पण तेथील वाटा आपोआप घडल्या नाहीत. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले दगावली, आणि ‘बालहत्या थांबवा’ असे म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. दुःखाला त्यांनी मागणीचे रूप दिले आणि ती मागणी वर्षानुवर्षे सोडली नाही.

म्हणून हा प्रश्न एकट्या पुण्याचा नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पाळी सुटल्यावर सायकलीवरून घरी निघणारा कामगार असो, की पद्मनाभपुरातल्या रस्त्याच्या कडेने शाळेतून परतणारी मुलगी; दोघांची अपेक्षा एकच आणि साधी आहे. सकाळी घरातून निघालेल्या माणसाने संध्याकाळी धडधाकट परत यावे. एवढे ज्या नगरीला साधते, तिच्याच रुंद रस्त्यांना काही अर्थ आहे.