लोडावरचें आसन

आमच्या घरीं दुपारीं कोणी बाई आडवी झालेली दिसली, कीं "बरें नाहीं का?" हा प्रश्न ठरलेला. विसांव्याला आजाराचें निमित्त लागावें, ही रीत जुनीच आहे.

गेलीं दोन वर्षें मामंजी अंथरुणास खिळून आहेत. त्यांना उठवितां-बसवितां माझी पाठ लाकडासारखी झाली. म्हणून रोज दिवेलागणीपूर्वीं मी बैठकींतला लोड घेऊन खोलीचें दार लावून घेतें.

कृति साधी आहे. लोडाच्या टोंकाशीं उजवा नितंब टेकून बसावें, गुडघे दुमडून पावलें डावीकडे घ्यावीं. श्वास घेत पाठ उंच करावी. श्वास सोडीत छाती लोडाकडे वळवून, हात त्याच्या दोहों बाजूंस ठेवून, अलगद त्यावर पालथें व्हावें. तोंड गुडघ्यांच्या दिशेस असलें तर मानेला सुख वाटतें. लोड ठेंगणा असल्यास वर घोंगडीची घडी घालावी. तीन ते पांच मिनिटें झालीं कीं दुसरी बाजू.

हठयोगप्रदीपिकेंतलें मत्स्येंद्रासन गृहस्थाश्रमी माणसाला घाबरविणारेंच आहे. पण स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ मध्यें लोणावळ्यास स्थापिलेल्या कैवल्यधामांत त्याहून सोपें वक्रासनहि शिकवितात. आणि पुण्यास बी. के. एस. अय्यंगारांनीं तर खुर्ची, लोड, दोर यांच्या आधारानें आजाऱ्यांनाहि आसनें साध्य करून दिलीं.

पिळल्यानें शरीरांतलें विष निघून जातें, असें पुष्कळ जण सांगतात. मला तें पटत नाहीं. तें काम यकृत आणि मूत्रपिंडें न पिळतांच करीत असतात. मणक्यांची गोष्ट मात्र खरी. कमरेचे ५ मणके वळण्यास फारसे राजी नसतात, पाठीचे १२ अधिक वळतात. तेव्हां हातानें जोर लावून कंबर फिरविण्यांत अर्थ नाहीं. हाडें ठिसूळ झालेल्यांनीं, किंवा मणक्याची गादी सरकलेल्यांनीं, डॉक्टरांस विचारल्याखेरीज या वाटेस जाऊंच नये.

यांत कठीण कांहीं असेल, तर तें हातांना स्वस्थ ठेवणें. पहिलीं दोन मिनिटें कुकरच्या शिट्या मोजण्यांतच जातात. मामंजींना खोकल्याची उबळ आली कीं उठावेंसें वाटतें. सासूबाईंना हें दार लावणें प्रथम मुळींच रुचलें नव्हतें. परवां मात्र कोणी भेटावयास आलें, तेव्हां बाहेरून त्यांचा आवाज आला, "बसा थोडें. ती कामांत आहे."

मीं डाव्या बाजूचीं पांच मिनिटें पुरीं केलीं.