सगळंच प्लाय कशाला?

न्यू जर्सीत आपल्या मंडळींची स्वयंपाकघरं करताना पहिली अट ठरलेली: 'सगळं प्लायच घाला हो, तो भुशाचा बोर्ड नको.' अट देशातून बरोबर आलेली आहे आणि खोटीही नाही. सिंकखाली पार्टिकल बोर्डाच्या कडेला पाणी लागलं की तो फुगतो, पुन्हा बसत नाही, स्क्रूही धरत नाही. म्हणून अख्ख्या घराला प्लाय? मला पटत नाही.

मुळात प्लाय कोणता? मी आधी कड बघतो. बाल्टिक बर्चच्या 18 मिलिमीटरमध्ये 13 थर, सगळे बर्चचेच. कड नुसती घासली तरी उघडी ठेवावीशी वाटते. स्वस्तातल्या शीटला वर कागदासारखं व्हिनियर, आत नरम लाकडाचे जाड थर, मध्येच पोकळी. बिजागरीचा स्क्रू नेमका त्या पोकळीत गेला की दार लोंबलंच म्हणून समजा. पण बर्च येतो सहसा 5 बाय 5 फुटांत, उंच कपाटाची बाजू त्यातून निघत नाही. शिवाय 2022 नंतर बर्चच्या रशियन मालावर जबर कर बसला. आणि इथल्या 'पाऊण इंची' हार्डवुड प्लायची गंमत अशी, की तो बहुधा 23/32 इंचच भरतो. पाऊण इंची बिटने खाच पाडली तर फळी त्यात खुळखुळते. मग त्या मापाचा वेगळा बिट घ्या!

रंगाची दारं मी एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या बोर्डाचीच करतो. प्लायच्या रेषा रंगातून डोकावतात, याच्या नाहीत. कडांना मात्र आधी सीलर पाजावा लागतो. शीट 40 किलोंच्या वर भरते, एकट्याने जिना चढू नये.

या बोर्डांच्या गोंदाच्या वासाची भीती रास्त आहे. कतरिना वादळानंतरच्या सरकारी ट्रेलरमध्ये त्यातल्याच फॉर्मल्डिहाइडने लोक हैराण झाले. 2010 मध्ये त्यावर मर्यादा घालणारा कायदा आला. आता त्याच कायद्याचा 'टीएससीए टायटल सिक्स' हा शिक्का बघूनच माल उचलतो.

कोठीच्या कपाटाच्या बाजू मेलामाइन लावलेल्या पार्टिकल बोर्डाच्या चालतात. फळ्या नाहीत: तीन फुटांच्या फळीवर तांदूळ-डाळींचे डबे आले की वर्षभरात झोळ. तिथे प्लाय, सिंकखाली प्लाय. वाचलेले पैसे चिमणीचा पाइप भिंतीबाहेर काढायला ठेवा. इथल्या कितीतरी घरांत ती कुकरची वाफ आणि फोडणीचा धूर परत घरातच सोडते, आणि वरच्या कपाटांच्या खालच्या कडा पहिल्यांदा तिथेच सुटतात.