ए सांगली!

उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये मला नाव नव्हतं. हजेरीच्या वहीत होतं, पण हाक मारायची झाली की मेस्त्री लेथवरनं मान न उचलता ओरडायचे, "ए सांगली! चौदाचा पाना आण." कोल्हापुरात मी पाच वर्षं काढली आणि पाचही वर्षं गावाच्या नावानं वावरलो. मेस्त्री जाऊन आता तीन वर्षं झाली. सांगलीत मला कोण सांगली म्हणणार?

1991 साली आयटीआयचं टर्नरचं सर्टिफिकेट घेऊन मी तिथं गेलो. वडिलांना ते पटलं नव्हतं. किर्लोस्करवाडी आपल्या जिल्ह्यात असताना पोरगा लोखंड कापायला कोल्हापूरला जातो म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. पण उद्यमनगर ही वेगळी चीज होती. परदेशी इंजिन खोलायचं, एकेक भाग उलटापालटा करून बघायचा आणि तसाच घरी पाडायचा, अशा जिद्दीतनं उभी राहिलेली वस्ती ती. मेस्त्री दाखला द्यायचे बाबूराव पेंटरांचा. "आडनाव काय त्यांचं? मेस्त्री. विलायती कॅमेरा बघून हितं कोल्हापुरात कॅमेरा केला माणसानं, 1918 साली. तुमच्यात काय केलं?"

आमच्यात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, मराठी नाटक तिथनं सुरू झालं, असं मी सांगायचो. यावर ते केशवराव भोसले नाट्यगृह काढायचे आणि त्याला लागून असलेलं खासबागचं कुस्ती मैदान. "नाटक बघा न्हाईतर कुस्ती बघा, भिंत एकच." मग मी रेल्वे काढायचो. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, मिरजेवरनं गेल्याशिवाय तुमची गाडी जगात कुठं जात नाही. मग ते विमानतळ काढायचे. इथं मी गप्प बसायचो, कारण आमच्याकडं कवलापूरच्या माळावर विमानतळ होणार हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि अजूनही ऐकतोय. विद्यापीठ 1962 साली कोल्हापूरला झालं याची सल सांगलीला आहेच; त्याच साली सरकारी मेडिकल कॉलेज मिरजेला आलं, हा आमचा उतारा. भडंगावरनं तर एकदा डबे बाजूला ठेवून भांडण झालं. भडंग जयसिंगपूरचं, आणि जयसिंगपूर बाजारहाटाला सांगलीचं, सातबाऱ्याला कोल्हापूरचं. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

पावसाळ्यात तर रोजचा सवाल ठरलेला. "ए सांगली, आयर्विनला किती?" मी पेपर बघून आयर्विन पुलाजवळचं पाणी फुटांत सांगायचो. आमची धोक्याची पातळी 45 फूट, त्यांच्या राजाराम बंधाऱ्यावर 43. एकदा मी म्हणालो, आज आमचं पाणी तुमच्यापेक्षा दोन फुटांनी जास्त आहे. मेस्त्रींनी लेथ बंद केला. "तुझ्या पट्टीचा झिरो कुठं, आमच्या पट्टीचा कुठं? झिरो एक नसला की मापं एकमेकांना लावायची नसतात. एवढं तरी टर्नरला कळाय पायजे." हे बोलून पुन्हा लेथ चालू केला, आणि जेवायच्या सुट्टीत रंकाळा मोठा की आमचं गणपतीचं देऊळ यावर स्वतःच सुरुवात केली.

आता मुद्द्याची गोष्ट. ती मी आजवर घरातसुद्धा नीट सांगितलेली नाही.

नोकरीला सहा महिने झाले असतील. पंपाच्या कास्टिंगमध्ये 6206 बेअरिंगची सीट बोअर करायचं काम मला एकट्याला मिळालं होतं. बेअरिंगचं बाहेरचं माप 62 मिलिमीटर. शेवटचा कट दोन दशांशाचा घ्यायचा होता. मी डायल दोन दशांश फिरवली. त्या लेथवर टूल जेवढं सरकतं तेवढं डायल दाखवायची. व्यासात त्याच्या दुप्पट कापलं जायचं. आयटीआयमध्ये हे फळ्यावर लिहून घेतलेलं होतं. पहिला जॉब मेस्त्रींनी स्वतः लावून दिला होता, म्हणून मी पुढचे मोजायची तसदी घेतली नाही. संध्याकाळी त्यांनी सहज बेअरिंग उचललं आणि सीटमध्ये ठेवलं. थोपटून बसायला हवं होतं ते. खळकन आत पडलं. दुसरं, तिसरं, तसंच. अठरा कास्टिंग.

मालक तिथंच होते. माणूस वाईट नव्हता, पण त्या आठवड्यात माल जायचा होता आणि आवाज चढलेला होता. "कोणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत मेस्त्री म्हणाले, "स्क्रू झिजलाय मशीनचा. बॅकलॅश आलाय. मी मागंच सांगाय पायजे होतं. पोराचं काय न्हाई."

स्क्रू झिजलेला नव्हता. मला ते माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि आता वाटतं की मालकांनाही माहीत असणार. मी काहीच बोललो नाही. हातातल्या कापडानं टूल पुसत उभा राहिलो.

सगळे गेल्यावर त्यांनी शर्ट काढून खिळ्याला अडकवला. सीट आणखी मोठी करायची, आत बुश दाबून बसवायचा आणि बुश पुन्हा 62 ला बोअर करायचा. अठरा वेळा. ते बुश करत होते, मी दाबत होतो. रात्रभरात एक शब्द टाकून बोलले नाहीत. फक्त प्रत्येक जॉब उतरला की मायक्रोमीटरनं बोअर गेज मापायला लावायचे आणि मोठ्यानं बोलायला लावायचे. बासष्ट शून्य. बासष्ट शून्य. बासष्ट शून्य एक. "एक कशाला आला?" मग तो पुन्हा. पहाटे अठरावा खाली ठेवला तेव्हा माझ्या अंगठ्याची साल निघाली होती आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

तिथनं सायकलवर डबलसीट गंगावेशीला. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्याच होत्या. गवळ्यानं समोर धार काढली, फेसासकट पेला हातात दिला. मला कोमट कच्च्या दुधाची सवय नव्हती. घशाखाली उतरेना. मेस्त्री बघत होते. "पी. हे न्हाई तुमच्या सांगलीत." पैसे त्यांनी दिले. खाणावळीचे त्या महिन्याचे पैसे कापले जातील या भीतीनं मी रात्रभर हिशेब करत होतो. पगार पुरा मिळाला. त्यांचा पुरा मिळाला की नाही, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

1996 च्या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. मेस्त्रींनी कुणाला न विचारता मिरज गाठली. कोल्हापूरला तेव्हा सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, आणि डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली दवाखाना काढल्यापासून कोल्हापूर, बेळगाव, विजापूरकडची माणसं दुखणं घेऊन मिरजेलाच येत आली आहेत. मी तोवर नोकरी सोडून कुपवाडला स्वतःचा एक जुना लेथ टाकला होता. अकरा दिवस मेस्त्री आमच्या गावभागातल्या घरी राहिले. आई रोज दोन डबे घेऊन सिटी बसनं मिरजेला जायची. मेस्त्री आईला वैनी म्हणायचे आणि तिच्या आमटीत गुपचूप आपल्या पुडीतली चटणी घालायचे. आईला ते दिसायचं.

निघताना मी संधी साधली. "मेस्त्री, आता तरी कबूल करा. वेळेला सांगलीच कामाला आली."

"मिरज आली," ते म्हणाले. "मिरज म्हंजे सांगली न्हवं. मिरजकरास्नी इचार." यात त्यांचं बरोबर होतं. तिन्ही गावांची एकच महानगरपालिका 1998 साली झाली, सांगली, मिरज आणि कुपवाडची, पण मिरजेचा माणूस पत्त्यात अजून सांगली लिहीत नाही. रिक्षात बसण्याआधी त्यांनी पिशवीतनं मायक्रोमीटरची पेटी काढून माझ्या लेथवर ठेवली. आतल्या मखमलीवर बॉलपेननं लिहिलं होतं: एक वजा करणे. त्या मायक्रोमीटरला शून्यालाच एक शतांश चूक होती. इतकी वर्षं ते मनात वजा करत आले होते.

2019 च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं, राजारामला 55 च्या पुढं. अंकलीच्या पुलाकडचा रस्ता बंद. फोन कधी लागायचा, कधी नाही. एकदा लागला तेव्हा पलीकडनं नाव-गाव काही नाही, थेट, "किती हाय?" मी सांगितलं. बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "वैनीला वर न्हेलंय का?"

रस्ता सुटला त्या दिवशी दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पायात गमबूट, हातात डिझेलचं कॅन आणि चिंध्यांचं गाठोडं. शाहूपुरीत लेकीच्या घरातलाही गाळ अजून निघायचा होता; तो अर्धा काढून आले होते. आत येऊन कोणाची चौकशी न करता पाण्याची मोटर खोलायला बसले. बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं, बोटावर फिरवून कानाशी नेलं. 6206 च होतं.

चहा झाल्यावर भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांच्या नजरेला पडली. खिशातनं टेप काढला, टोक फरशीवर माझ्या अंगठ्याखाली दाबून धरायला लावलं आणि रेघेपर्यंत वर नेला. लेकीच्या घरात चार फूट आठ इंच भरलं होतं, ते त्यांनी त्याच टेपनं मोजून ठेवलं होतं.

"सहा दोन," मेस्त्री म्हणाले. टेप सरकन आत गेला. "हितं तेवढी सांगली फुडं."