अंधार पडला? मग गाणं ऐकायला चला!

स्कॉटलंडला जायचं तर मे ते ऑगस्ट, असं कुठलाही ट्रॅव्हल एजंट सांगेल. हिरव्यागार टेकड्या, रात्री दहापर्यंत उजेड, ऑगस्टमध्ये एडिंबराचा फेस्टिव्हल... सगळं तेव्हाच. तरीही माझा सल्ला उलटा आहे. गाण्याचं किंवा नाटकाचं वेड असेल, तर जानेवारीत जा. आणि एडिंबरा नाही, ग्लासगोला जा.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. जानेवारीत इथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचार-साडेचारला गुडूप होतो. बर्फ पडेलच असं नाही, पाऊस मात्र पाचवीला पुजलेला. या ओल्या, कुंद, हाडात शिरणाऱ्या हवेसाठी स्कॉट्स भाषेत खास शब्द आहे, 'ड्रीख'. दोन दिवसांत तो तुमच्याही तोंडी बसतो. आपल्याकडे थंडीत मैफली रंगतात, कारण हवा सुखाची असते. ग्लासगोत रंगतात, कारण हवा नकोशी असते!

रिकाम्या हॉलचा फंडा

ग्लासगो म्हणजे एकेकाळी जहाजबांधणीचं शहर. विसाव्या शतकात क्लाईड नदीकाठची यार्डं एकामागून एक बंद पडली आणि बेकारी आली. अशा शहराला १९९० साली 'युरोपचं सांस्कृतिक शहर' हा मान मिळाला. आधीचे मानकरी कोण? अथेन्स, फ्लोरेन्स, ॲमस्टरडॅम, पश्चिम बर्लिन, पॅरिस! त्याच वर्षी रॉयल कॉन्सर्ट हॉल उघडला. पण ख्रिसमस संपला, खिसे रिकामे झाले की जानेवारीत एवढ्या मोठ्या हॉलचं करायचं काय?

उत्तर मिळालं १९९४ मध्ये, 'केल्टिक कनेक्शन्स' या नावाने. एका हॉलमधल्या लोकसंगीताच्या या महोत्सवाने आता शहरच व्यापलंय. साधारण अठरा दिवस आणि तीनशेच्या आसपास कार्यक्रम. फिडल, बॅगपाइप, गेलिक गाणी तर आहेतच, शिवाय जॅझ आणि जगभरचे पाहुणे. २००८ साली युनेस्कोने ग्लासगोला 'सिटी ऑफ म्युझिक' म्हटलं. (फुटबॉल क्लब 'सेल्टिक', पण महोत्सव 'केल्टिक'. उच्चार सांभाळा!)

मोठी नावं मोठ्या हॉलमध्ये ऐकाच, पण खरी मजा दोन ठिकाणी. पहिलं, 'डॅनी काईल ओपन स्टेज'. नव्या कलाकारांचा मंच, एण्ट्री फुकट. दुसरं, रात्री उशिराचा फेस्टिव्हल क्लब. तिथे कोण वाजवणार हे आधी जाहीरच करत नाहीत.

आणि पब सेशन! फिनिस्टन भागातल्या 'बेन नेव्हिस'सारख्या पबमध्ये ना स्टेज असतं, ना माइक. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वादक बसतात, एकजण धून धरतो, बाकीचे त्यात शिरतात. टाळ्यांची फारशी अपेक्षा नसते. इथे संगीत 'परफॉर्म' होत नाही, गप्पांसारखं चालतं.

पाय, पिंट आणि नाटक

ऑफिसवाल्यांनी तर 'ओरान मोर' बघायलाच हवं. वेस्ट एण्डमधलं हे जुनं चर्च. आत ॲलस्डेर ग्रे या लेखक-चित्रकाराने रंगवलेलं भव्य छत आहे. २००४ पासून इथे दुपारचं नाटक होतं, 'अ प्ले, अ पाय अँड अ पिंट'. तिकिटात सुमारे तासाभराचं नाटक, एक गरम पाय आणि एक ड्रिंक. सीझनमध्ये दर आठवड्याला नवीन नाटक. लंच अवरमध्ये थिएटर, बोला!

२५ जानेवारी म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सचा वाढदिवस. रात्री हॅगिस (मेंढीचं काळीज-फुप्फुस, ओट्स आणि मसाला) वाजतगाजत टेबलावर येतं, त्याला उद्देशून कविता म्हटली जाते आणि मग सुरी चालते. शाकाहारींनी घाबरू नये, व्हेज हॅगिस सर्रास मिळतं आणि झकास लागतं. पुढे 'केली', म्हणजे समूहनृत्य. एकजण माइकवरून स्टेप्स सांगतो. 'स्ट्रिप द विलो' सुरू झालं की अनोळखी माणसं तुम्हाला हाताला धरून गरगर फिरवतात. दहा मिनिटांत थंडी गायब!

जळतात, तरी वाजतात

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. २०१४ आणि पुन्हा २०१८ च्या आगीत मॅकिन्टॉशची जगप्रसिद्ध आर्ट स्कूल खाक झाली. दुसऱ्या आगीत शेजारचा 'एबीसी' हा गाण्याचा हॉलही गेला. सॉकीहॉल स्ट्रीटवरची ती पोकळी बघताना कसंतरीच होतं. हॉल गेला की फक्त इमारत जात नाही. नवख्या बँडची पहिली रात्र जाते, अंधारात घराबाहेर पडायचं एक कारण जातं.

पण याच शहराच्या ईस्ट एण्डमध्ये 'बॅरोलँड' उभा आहे. १९३४ साली उघडलेला हा बॉलरूम १९५८ मध्ये जळाला आणि १९६० मध्ये पुन्हा सुरू झाला. बाहेर भलीमोठी निऑन पाटी, आत नाचासाठी केलेली लवचीक लाकडी जमीन. गर्दी उडी मारते तेव्हा ती पायाखाली हलते. ग्लासगो समजून घ्यायचं तर इथे एक तरी गिग बघा.

जाताय? मग हे लक्षात ठेवा

* छत्रीपेक्षा टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट घ्या. वारा छत्रीचं फूल करतो.
* भुयारी रेल्वे १८९६ ची, एकच गोल आणि पंधरा स्टेशनं. चुकीच्या दिशेने बसलात तरी पोचताच.
* केल्विनग्रोव्ह म्युझियम फुकट आहे. दुपारी तिथल्या भव्य ऑर्गनचं वादन असतं, तेही फुकट.
* फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ग्लासगो फिल्म फेस्टिव्हल गाठा. मुख्य अड्डा 'जीएफटी', १९३९ चं थिएटर.
* पबमध्ये सेशन चालू असताना वादकांची खुर्ची पटकावू नका. बाकी कुठेही बसा, शेजारचा बोलायला सुरुवात करेलच.